'प्रतीक' या शब्दाचे सर

आमच्या शाळेत एका सरांच्या तासाला फळ्यावर माणूस काढायला मनाई नव्हती; त्याला डोळे काढायला होती. "ज्याला डोळे काढाल त्याला जेवायलाही घालावं लागेल," असं ते म्हणत, आणि गंमतीने म्हणत नसत. मुलं आधी हसत, मग खडू खाली ठेवत. एकदा ते वर्गात येण्याआधी कुणीतरी त्यांचंच चित्र काढून ठेवलं होतं. पुढे आलेली हनुवटी, छातीशी धरलेलं पुस्तक आणि दोन मोठे गोल डोळे. सर रागावले नाहीत. डस्टरला त्यांनी हातही लावला नाही.

"कोणी आणलं याला?" त्यांनी विचारलं.

ज्याने काढलं होतं तो उभा राहिला.

"आणलंस तू, तर पोचवायचंही तूच. आधी डोळे पूस. सावकाश."

मी शेजारच्या वर्गाकडे जाताना दारातून हे पाहिलं. डोळे पुसले गेल्यावर फळ्यावर जे उरलं त्याच्याकडे वर्गातलं कुणी बघत नव्हतं.

सर मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या पुतणीने, रत्नाने, फोन करून सांगितलं. त्या दिवसापासून मी रोज थोडं लिहिते आहे. कधी चार ओळी होतात, कधी एकच. शोकाला घाई नसते, आणि या माणसाबद्दल घाईने लिहिलं तर ते मला वाक्यावर बोट ठेवून थांबवतील असं अजूनही वाटतं.

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन नाशिकहून सुरतेला आले. यजमान बँकेत होते. मला एका मराठी माध्यमाच्या शाळेत नोकरी मिळाली. बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या कुटुंबांतली होती. बाप मागावर, आई साड्यांना टिकल्या लावणारी, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि आमच्यापुरती मराठी. या मुलांना सर वरच्या वर्गांत मराठी शिकवत. तेही धुळ्याकडचेच. अविवाहित होते. उंच, जरा वाकलेले. पायात कायम कॅनव्हासचे बूट, त्यामुळे ते मागे येऊन उभे राहिले तरी कळत नसे.

शाळेत त्यांची ओळख एका शब्दावरून होती. तो शब्द म्हणजे 'प्रतीक'. मुलं गाईडमधून पाठ करून येत: कमळ हे पावित्र्याचे प्रतीक आहे, दिवा हे ज्ञानाचे प्रतीक आहे. सर त्या वाक्याखाली लाल रेघ ओढत आणि शेजारी लिहीत, 'कुणी नेमलं?'

एका पोरीने वर्गात उभं राहून उत्तर दिलं होतं, "सर, गाईडवालानी."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "गाईडवाल्याने नोकर नेमले आहेत. कमळाला सांगितलंय, तू पावित्र्याचं काम बघ. दिव्याला सांगितलंय, तू ज्ञानाचं. प्रतीक कुणाच्या नोकरीत नसतं, बाळ."

स्टाफरूममध्ये यावरून त्यांची थट्टा चाले. गणिताच्या बाई बशीत चहा ओतत विचारत, "सर, हा आपल्या कॅन्टीनचा चहा कशाचं प्रतीक म्हणायचा?"

"पाण्याचं," सर म्हणत आणि घोट घेत.

पण थट्टेला एक सीमा होती, ती एका गॅदरिंगच्या तालमीत मला दिसली. नाटकात एक मुलगा तापाने मरतो असा प्रवेश होता. मुलाला बाकावर निजवून त्याच्यावर पांढरी चादर घातली होती. सर मागून आले, चादर उचलली, घडी केली आणि काखेत धरून उभे राहिले.

नाटक बसवणारे पी.टी.चे शिक्षक वैतागले. "अहो सर, नाटक आहे!"

"मग मरायचं नाटक करा. रडायचं करा. झाकायचं नाटक होत नाही."

"म्हणजे काय?"

"झाकलं की झाकलं," सर म्हणाले.

बाकावरचा मुलगा उठून बसला होता आणि स्वतःचे हात चोळत होता. प्रयोगात तो मेला नाही. तो दाराबाहेर गेला आणि परत आला नाही, असं सरांनी बदलून दिलं. प्रेक्षकांत बसलेल्या आयांना ते चादरीपेक्षा जास्त लागलं. सर स्वतः तो प्रवेश बघायला थांबले नाहीत.

तेव्हा मला त्यांच्या भावाबद्दल माहीत नव्हतं. ते नंतर गणिताच्या बाईंनीच सांगितलं, थट्टेचा सूर बाजूला ठेवून. सरांचा धाकटा भाऊ इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला होता. मी सुरतेला येण्याच्या कितीतरी आधी, एका सकाळी तो नवागामच्या खोलीतून डबा घेऊन निघाला. बसमधल्या लोकांनी त्याला पाहिलं होतं. तो कामाच्या ठिकाणाच्या आधीच्या थांब्यावर उतरला, आणि त्यानंतर कुणालाच दिसला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, खाडीचा काठ झाला. मागे बायको, सुमन, आणि मांडीवरची मुलगी राहिली. सरांनी त्या दोघींचं सगळं केलं, पण भावाबद्दल भूतकाळात बोलू दिलं नाही. 'तो उंच होता' असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "उंच आहे."

हे कळल्यानंतर मी त्यांच्या एका तासाला मागच्या बाकावर बसले होते. हेडमास्तरांनीच नव्या शिक्षकांना सरांचा तास ऐकायला सांगितलं होतं. कवितेत एक रिकामी होडी संध्याकाळी काठाला लागते. मुलांनी लिहून आणलं होतं: रिकामी होडी हे मृत्यूचे प्रतीक.

"रिकामी आहे हे कशावरून?" सरांनी विचारलं. "नीट बघा."

चाळीसेक मुलं खाली मान घालून पुस्तकातल्या होडीकडे बघू लागली. बाहेर एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याची मशीन चालू होती, ती त्याच वेळी बंद पडली. कोपऱ्यातली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "सर, वल्ही ओली लिहिली आहेत."

"मग?"

"म्हणजे कुणीतरी आत्ताच उतरलंय."

सरांचा चेहरा उतरला. "शाब्बास," ते म्हणाले, पण इतक्या हळू की तिला ते ऐकू आलं नसावं. पुढे त्यांनी काही शिकवलं नाही. खुर्ची दाराकडे वळवली आणि घंटा होईपर्यंत दाराकडे बघत बसले. मुलंही बघत बसली. मीही बघत होते. दारात कुणी नव्हतं, आणि तरी त्या दिवशी त्या दारातून बाहेर पडताना मी जरा अंग चोरलं.

आमच्या मराठी मंडळाने त्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी साहित्यातल्या संज्ञांची एक पुस्तिका काढायचं ठरवलं. उपमा, रूपक वगैरे माझ्याकडे आलं आणि 'प्रतीक' अर्थातच सरांकडे. सगळ्यांचे मजकूर आले, सरांचा येईना. मंडळाने मला त्यांच्या घरी पाठवलं. उधना बाजूच्या एका सोसायटीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. रविवारची दुपार होती. सर इस्त्री करत होते. त्यांचे दोन शर्ट झाले होते, तिसरा टेबलावर होता. तो निळसर चौकड्यांचा होता आणि सरांच्या अंगाला मोठा होता.

"भावाचा," मी विचारण्याआधी ते म्हणाले. "दर रविवारी धुतो."

"मळतो?" मी विचारून बसले.

"राहत्या माणसाचा मळतो तसा नाही. पण मळतो."

इस्त्री झाल्यावर त्यांनी तो खुंटीवर लावला. मी पाणी प्यायले. खोलीत वारा नव्हता. शर्टाच्या बाहीला कोपराजवळ बारीक चुण्या होत्या. आत्ता माझ्यासमोर त्यावरून इस्त्री फिरली होती. मी नजर काढून घेतली.

"लिहिता येत नाही असं नाही," सर म्हणाले. "लिहिलं की कुणाला कळणार नाही. बघा, धूर ही विस्तवाची खूण. विस्तव गेला की खूण जाते. तुमचं रूपक म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्या जागी जाऊन बसतात, आणि वाक्य संपलं की उठून आपापल्या घरी जातात. बरोबर?"

"बरोबर."

"प्रतीक उठून जात नाही. हल्ली लिहिणारे तो शब्द 'ऐवजी' या अर्थाने वापरतात. याच्याऐवजी ते. पण संस्कृतात बघा, प्रतीक म्हणजे अवयव. प्रतीक म्हणजे चेहरा, पुढची बाजू. एखादी गोष्ट अख्खी आपल्याला दिसत नाही, तिचं तोंड तेवढं आपल्याकडे झालेलं असतं. ते प्रतीक. आता तोंड इकडे आहे म्हटल्यावर बाकीचं अंग मागे असणारच ना?"

मला माझ्या पाठीमागची खुंटी जाणवत होती. पुढे पुस्तिका छापून आली, 'प्रतिमा'नंतर एकदम पुढची संज्ञा. सरांनी मजकूर कधीच दिला नाही.

त्याच रविवारी दुपारी, मी तिथे असतानाच, सुमन आली. तिच्याबरोबर मोठी झालेली रत्ना होती. तिने दारातच चपला काढल्या आणि सरळ आत चहा ठेवायला गेली. सुमन खाली भिंतीशी बसली. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. माझ्याकडे बघून तिने पदर सारखा केला, पण मी आहे म्हणून बोलायची थांबली नाही. तिला थांबायला वेळ उरला नसावा. रत्नाचं धुळ्याकडे जमलं होतं. मुलगा चांगला होता. पण मुलाच्या घरचे विचारत होते, पत्रिकेवर वडिलांच्या नावामागे 'कै.' लावायचं की नाही? बाप आहे तर मांडवात का नाही, आणि नाही तर दिवस कधी झाले? अधांतरी घरातली मुलगी त्यांना नको होती. बेपत्ता माणसाची वाट बघायची बारा वर्षं केव्हाच उलटली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की रीतसर पालाशविधी करा, मग साखरपुडा.

ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी हा विधी असतो. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मुलगा नसला तर ते भावाने करायचं. म्हणजे सरांनी.

"नाही," सर म्हणाले.

"नाना, नावपुरतं करी टाका," सुमन म्हणाली. "पानंच त शेतस."

"नावापुरतं काही होत नाही, सुमन. तो आणायचा आणि जाळायचा, म्हणजे मी जाळायचा. उद्या दारात उभा राहिला तर?"

"आते येस का तो?"

"शास्त्रात तेसुद्धा लिहिलंय," सर माझ्याकडे वळून म्हणाले, जणू मी शंका काढली होती. "विधी झाल्यावर माणूस परत आला, तर त्याला तुपाच्या घंगाळात बसवायचं, बाहेर काढायचं, आणि बारशापासून सगळं पुन्हा करायचं. तो नवा जन्मलेला. म्हणजे पहिला गेलाच. जाळलेली पानं नव्हती, हे शास्त्रालाही माहीत आहे."

आत कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या. रत्ना ऐकत असणार. सुमन कितीतरी वेळ खुंटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमनाजोडे सदरा तरी शे, नाना. दर रविवारी हात लावाले. मनाजोडे काय शे?"

सरांनी इस्त्रीचा प्लग काढला.

"आते मना जीव थकी गया," ती म्हणाली, न रडता, एखादं काम सांगावं तशी. "पोरीचं मोडलं तर मी कोणाले सांगू? त्याले?"

सरांनी इस्त्रीची वायर गुंडाळली. बराच वेळ लावून गुंडाळली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पूर्ण करायचं. अर्धंमुर्धं नाही."

तापीच्या काठी, सकाळची वेळ होती. बायकांनी येऊ नये असं गुरुजी म्हणाले होते, त्यावर सुमन म्हणाली, "माझ्याच नवऱ्याचं ना?" आणि तिच्या सोबतीला मी गेले. रत्ना घरीच राहिली. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. म्हशी पाण्यात उतरवल्या होत्या, त्यांचे नुसते आवाज येत होते.

गुरुजी आमच्याकडे सत्यनारायणाला येणारे, बोलके, सगळ्यांत रमणारे. डांगकडून आणवलेली पळसाची पानं त्यांनी वाळूत मांडली, दर्भाने बांधली, हातभर लांबीचा आकार केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. जवाच्या पिठाचा लेप दिला. कवड्यांचे डोळे बसवले, डाळिंबाच्या दाण्यांचे दात. ते सगळं ते जेवणाची पानं मांडावीत तसं भराभर करत होते.

सर उभे राहून बघत होते. म्हणाले, "तो एवढा नाही."

"अं?"

"माझ्यापेक्षा उंच आहे."

"अहो सर," गुरुजी हसले, "हे प्रतीक आहे. खरा माणूस का करायचाय?"

मी सुमनकडे पाहिलं आणि सुमनने माझ्याकडे. सर मात्र रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून तो चौकड्यांचा शर्ट काढला. "प्रतीक आहे म्हणूनच म्हणतो. हा त्याच्या अंगाला यायला हवा."

"नवं वस्त्र लागतं, सर."

"नवं वरून घाला. आत हा."

आणि ते वाळूत बसले. उरलेली पानं घेऊन त्यांनी हात लांबवले, पाय लांबवले. दर्भाच्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या. गुरुजी आधी घड्याळाकडे बघत होते, नंतर तेही देठ पुरवू लागले. डावा खांदा सरांनी उजव्यापेक्षा किंचित खाली घेतला, आणि तो घेताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. मग शर्ट चढवला. बटणं लावली. आमच्यासमोर वाळूत एक उंच माणूस उताणा झोपला होता. म्हशींचे आवाज थांबले होते.

सुमन केव्हा उठली मला कळलं नाही. ती जाऊन त्याच्याजवळ बसली. शर्टाची कॉलर एका बाजूने आत मुडपली गेली होती, ती तिने दोन बोटांनी बाहेर काढली आणि वरून हात फिरवून बसवली. रोज सकाळी करत असावी तसं. मग आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं. तिने हात झटकन मागे घेतला, पोळल्यासारखा.

"नका," ती म्हणाली. "नाना, नका जाळू."

"बाई, पानं आहेत हो ही," गुरुजी म्हणाले. पण तेही त्या कवड्यांकडे बघत नव्हते.

"नका जाळू! हाऊ तोच शे!"

सर तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसले. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला समजावताना त्यांचा आवाज खाली येई, तसा आला.

"तोच आहे, सुमन. इतकी वर्षं आला नव्हता, म्हणून मी नाही म्हणत होतो. आज आला. आलेल्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं?"

ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने गळ्यातली पोत स्वतःच काढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्याकडून कुणी ओढूनही घेतली नाही. ती तिने शर्टाच्या खिशात ठेवली, खिशावर क्षणभर तळवा ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

सरांनी अग्नी दिला. पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला, तो धुक्यात मिसळून आमच्याच अंगावर आला. मग तुपाने पेट घेतला. लोक चितेजवळ ज्याची वाट बघत उभे राहतात, त्याची आम्हीही वाट बघत उभे राहिलो. कुणाच्या लक्षात आलं नाही की आपण कशाची वाट बघतोय. नारळ फुटला तेव्हा त्याचा आवाज नदीवरून पलीकडे जाऊन परत आला. गुरुजींनी नकळत हात जोडले. कपाळमोक्ष झाल्यावर जोडतात तसे.

स्नान उरकून आम्ही चढण चढू लागलो. पुढे गुरुजी, त्यांच्यामागे मी, मग सुमन, सगळ्यांत मागे सर. अशा वेळी मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कुणी बघितलं नाही. ओल्या लुगड्याचा आणि सरांच्या भिजलेल्या बुटांचा आवाज येत होता. अर्ध्या चढावर सुमन थांबली. मान न वळवता तिने विचारलं, "नाना, मांगे कोनी येस का?"

सरही थांबले. मागे त्यांनीही पाहिलं नाही. जरा वेळ ऐकल्यासारखं केलं.

"आता नाही," ते म्हणाले.